सोसणे हा आपला वारसा नव्हे



शाळा-महाविद्यालये सुरू होऊन आता दोन-अडीच महिने झाले. वह्या-पुस्तके झाली, गणवेश झाला, फी भरून झाली. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी दाखले गोळा करण्याची धावपळ चालू आहे. मूल शाळेत जाऊ लागले की आपण निर्धास्त होतो. आता ते शिकेल, मोठे होईल, असे गृहीत धरतो. पण वर्गाच्या दाराआड, मधल्या सुट्टीत, वसतिगृहाच्या खोलीत आणि हल्ली तर हातातल्या मोबाईलमध्ये आपल्या मुलावर काय गुजरते, हे आपणांस कितपत ठाऊक असते? या वेळी आम्ही त्याविषयीच चार शब्द लिहिणार आहोत.

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मारहाण उभी राहते. पण मुलांमधला पुष्कळसा छळ अंगाला हात न लावताच होतो. रोज एकाच मुलाला वेड्यावाकड्या नावाने हाक मारायची, त्याचा डबा लपवायचा, दप्तर फेकायचे, खेळात घ्यायचे नाही, खाऊचे पैसे काढून घ्यायचे. मुलींमध्ये सगळ्यांनी मिळून एकीशी अबोला धरायचा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्याचा फोटो विद्रूप करून टाकायचा आणि त्याखाली सर्वांनी हसायचे. 'पोरे आहेत, चालायचेच,' असे म्हणून मोठी माणसे सोडून देतात. परंतु भांडण आणि छळ यांत फरक आहे. भांडणात दोन्ही बाजू कमी-अधिक सारख्या असतात. आज भांडली, उद्या एका ताटात जेवली. छळात एकाच मुलाला पुन्हा पुन्हा गाठले जाते, आणि त्याला उलट काही करता येत नाही हे पाहूनच गाठले जाते.

आपल्या मुलांच्या वाट्याला याखेरीज आणखी एक प्रकार येतो. पूर्वी गावात सरळ जात विचारीत. आता शहरात आडनाव विचारतात. आडनावावरून अंदाज लागला नाही, तर 'तुमच्याकडे गणपती बसतो का?' असे गोड आवाजात विचारतात. शाळेत काही शिक्षक 'सवलतीवाल्यांनी हात वर करा,' असे भर वर्गात सांगतात आणि मग वर्षभर ते हात बाकीच्यांच्या लक्षात राहतात. 'सरकारचे जावई' हा टोमणा तर आपल्यातल्या कोणी ऐकला नाही? वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की पहिल्याच आठवड्यात गुण विचारले जातात. मुलगा 'मेरिटचा' की 'कोट्यातला', एवढेच त्यातून ठरवायचे असते. १४ एप्रिलला मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो लावला म्हणून मित्र समजली जाणारी मुले थट्टा करतात.

हा आपल्या मनाचा खेळ नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करण्यासाठी डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली २००६ साली समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००७ साली आला. देशातल्या सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात, खानावळीत आणि खेळाच्या मैदानावर वेगळे पाडले जाते, हे त्या अहवालाने उघड केले. जिथे देशातली निवडक हुशार मुले शिकतात तिथे ही गत, तर गल्लीतल्या शाळेची काय कथा!

अशा छळाचा मुलावर परिणाम कसा होतो, हे आई-वडिलांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण तो परिणाम छळाचे नाव घेऊन येत नाही. सोमवारी सकाळी पोटात दुखते, रविवारी दुखत नाही. डबा न खाता तसाच परत येतो, किंवा उलट मूल घरी आल्या आल्या भुकेने तुटून पडते. वही फाटलेली असते, पेन हरवलेला असतो, 'पडलो' म्हणून गुडघा फुटलेला असतो. जवळचा रस्ता सोडून मूल लांबच्या रस्त्याने शाळेत जाते. रात्री झोप लागत नाही, अभ्यासात चित्त लागत नाही, लहान भावंडावर विनाकारण हात उगारला जातो. फोन वाजला की चेहरा उतरतो. वाढत्या वयाची मुले घरात बोलेनाशी होतात. आपण म्हणतो, वय आहे. वय असतेच, पण दर वेळी वयच असते असे नाही.

याहून खोल घाव दुसराच असतो. जे रोज ऐकावे ते हळूहळू खरे वाटू लागते. 'तुला काही येत नाही' असे चाळीस तोंडांनी म्हटले की मूल हात वर करायचे सोडते. हात वर केला नाही की गुरुजींचे लक्ष जात नाही, गुण घसरतात. गुण घसरले की छळणारा म्हणतो, 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' आणि त्या वेळी मुलाजवळ उत्तर राहत नाही. छळाने आधी धैर्य खचते आणि मग त्या खचलेल्या धैर्यालाच लोक अंगची अपात्रता समजतात. आपल्या कितीतरी हुशार मुलांचे शिक्षण असेच मध्येच सुटले असेल. त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये सापडायची नाही. तिथे फक्त 'गैरहजर' असा शेरा असतो.

मग मुले घरी का सांगत नाहीत? विहारात मुलांशी बोलताना आम्ही हा प्रश्न पुष्कळदा विचारला आहे, आणि मिळणारी उत्तरे विचार करायला लावणारी आहेत. एक म्हणतो, 'पप्पा शाळेत येऊन आरडाओरडा करतील आणि दुसऱ्या दिवशी मला दुप्पट मार बसेल.' दुसरा म्हणतो, 'मोबाईल काढून घेतील.' मुली सांगतात, 'घरी कळले तर शिक्षण बंद करतील, लग्नाचे बघतील.' आणि एक उत्तर जवळजवळ सर्वांचे असते: 'आई आधीच कामाने थकून येते, तिला आणखी कशाला त्रास?' बंधू-भगिनींनो, ज्या मुलांना आपण बेजबाबदार समजतो, ती आपल्याला जपण्यासाठी गप्प बसलेली असतात!

आणि कधी धीर करून सांगितलेच, तर आपण काय बोलतो? 'तूच काहीतरी केले असशील.' 'दुर्लक्ष कर.' 'तू पण एक ठेवून दे.' 'मुलीसारखा रडतोस काय?' आणि आपल्या घरांत हमखास निघणारे एक वाक्य: 'आम्ही काय कमी सोसले? तुला एवढेही सोसवत नाही?'

या शेवटच्या वाक्यावर आम्हांस थोडे थांबायचे आहे. ते वाक्य दुष्टपणाने बोललेले नसते. ज्याने गावकुसाबाहेर दिवस काढले, ज्याने अनवाणी चार कोस चालून शाळा गाठली, ज्याने कचेरीत वेगळा ठेवलेला पेला पाहिला, त्याला आपल्या सोसण्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण ऐकणाऱ्या मुलाला त्यातून काय कळते? आपले दुःख लहान आहे, ते बोलून दाखविणे म्हणजे कमकुवतपणा आहे, आणि या घरात त्याला जागा नाही. आमच्या पाहण्यात एक मुलगी आहे. बारावीला चांगले गुण मिळवून ती परगावच्या तांत्रिक महाविद्यालयात गेली. खोलीतल्या मुलींनी तिच्या कपड्यांवरून, बोलीवरून, शिष्यवृत्तीवरून तिला इतके छळले की ती रात्री जिन्यात बसून अभ्यास करू लागली. दिवाळीत घरी आल्यावर तिने वडिलांजवळ विषय काढला. वडील प्रेमळ, कष्टाळू माणूस. त्यांनी आपल्या लहानपणच्या चार गोष्टी सांगितल्या आणि म्हणाले, 'आपण सोसतच वर आलो, बेटा.' मुलगी पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. दुसऱ्या सत्रात ती नापास झाली आणि वर्ष संपायच्या आत सामान घेऊन घरी आली. 'तेव्हा मला फक्त एवढेच हवे होते की पप्पांनी म्हणावे, उद्या तुझ्याबरोबर येतो,' असे ती नंतर आपल्या आत्याजवळ म्हणाली.

सोसणे हा आपला वारसा आहे, असे आपण समजतो तिथेच गल्लत होते. बाबासाहेबांच्या लहानपणाकडे या दृष्टीने पुन्हा पाहू या. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळेचा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहान मारायची. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा गुरुजींनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गातली मुले डबे उचलायला धावली, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. चाळीस मुलांच्या डोळ्यांदेखत तसे फळ्यापर्यंत चालत जाणे म्हणजे काय, याची कल्पना करा!

या गोष्टी आपण भाषणांतून शेकडो वेळा ऐकल्या. पण त्या मुलाच्या पाठीमागे घर कसे उभे होते, इकडे आपले लक्ष कमी जाते. न्हावी केस कापीत नव्हता, तेव्हा थोरली बहीण घरी बसवून केस कापत होती. कपडे धुवायला कोणी घेत नव्हते, ते बहिणी धूत होत्या. आई भीमाबाई लहानपणीच गेल्या, तेव्हा आत्या मीराबाईंनी पोराला पदराखाली घेतले. परळच्या चाळीतल्या एकाच खोलीत सगळे बिऱ्हाड. तिथे अभ्यासाला जागा नाही आणि शांतता नाही, म्हणून रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जात; तिथे रोकड नसली तर तिचा दागिना मागून घेऊन तो गहाण ठेवीत आणि मुलाच्या हातात पुस्तक देत. मुलाने १९०७ साली मॅट्रिक केली, तेव्हा वस्तीने सभा भरवून त्याचे कौतुक केले. सीताराम केशव बोले त्या सभेचे अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले.

म्हणजे अपमान बाहेर होता, पण घरात त्या मुलाला कोणी एकटे सोडले नव्हते. रामजी सुभेदारांना शाळेतला अन्याय थांबवता आला नाही, कारण त्या काळी कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. परंतु अन्यायाचा भार त्यांनी एकट्या पोराच्या खांद्यावर टाकला नाही. आपला खरा वारसा हा आहे. बाबासाहेबांनी आयुष्यभर लढून जे सोसणे संपविले, ते पुन्हा आपणच मुलांना दागिन्यासारखे घालायला देऊ नये.

आता कोणी म्हणेल, भगवान बुद्धांनी तर शिवीला उत्तर देऊ नये असे सांगितले आहे. शिव्या देत आलेल्या भारद्वाज ब्राह्मणाला तथागतांनी विचारले होते की, पाहुण्यांपुढे ठेवलेले अन्न त्यांनी घेतले नाही तर ते कोणाचे राहते? ज्याचे त्याच्याकडेच राहते. तसेच न स्वीकारलेल्या शिवीचे. ही शिकवण मोलाची आहे. पण ती नीट वाचा. शिवी मनात साठवू नये, हा तिचा अर्थ आहे. अन्यायाविरुद्ध तोंड उघडू नये, असा नाही. आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोराला तशी स्थिरता येण्यासाठी आधी घरात कोणीतरी त्याचे सारे ऐकून घ्यावे लागते. मन मोकळे झाल्याशिवाय ते रिकामे होत नाही, आणि रिकामे झाल्याशिवाय शिवी नाकारण्याचे बळ येत नाही.

मग घराने नेमके काय करावे? आम्ही कोणी मानसशास्त्रज्ञ नाही. वीस वर्षे कारकुनी करीत आणि विहाराच्या कामात वस्तीतली घरे पाहत जे ध्यानात आले, ते सांगतो.

पहिली गोष्ट, ऐका. मूल सांगू लागले की हातातले काम आणि मोबाईल बाजूला ठेवा. मधेच प्रश्न विचारू नका, उपाय सांगू नका. 'तू सांगितलेस हे बरे केलेस. यात तुझा दोष नाही. आपण मिळून बघू,' ही तीन वाक्ये बोला. विशेषतः 'मिळून' हा शब्द विसरू नका. मूल समोर बसून बोलत नसेल तर बरोबर चालत बाजारात जा, भाजी निवडायला बसवा, सायकलला तेल घालायला बोलवा. हात कामात असले की तोंड उघडते.

दुसरी गोष्ट, लगेच धावत सुटू नका. शाळेत जाऊन त्या पोराची गचांडी धरली तर क्षणभर बरे वाटेल, पण उद्यापासून आपले मूल पुन्हा एकटेच वर्गात बसणार आहे. पुढे काय करावयाचे ते मुलाला विचारून ठरवा. मात्र 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नका. 'तुला न सांगता काही करणार नाही' असे वचन द्या आणि पाळा. मोबाईल काढून घेण्याची शिक्षा तर छळ सोसणाऱ्याला मुळीच करू नका. उलट त्यातले मेसेज आणि फोटो पुसू नका. तो पुरावा आहे.

तिसरी गोष्ट, लिहून काढा. कोणत्या दिवशी, कुठे, कोण, काय बोलले, कोणी पाहिले, हे एका वहीत तारखेनिशी लिहा. मग वर्गशिक्षकांना भेटा, आणि फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. येथे आमच्या कारकुनी पेशाचा थोडा उपयोग आहे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. कागद कपाटात राहतो आणि कधीतरी बोलतो. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्या. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर नम्रपणे तिथेच उभे राहा. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. एकटे जाऊ नका. मामा, काका, शेजारच्या शिकलेल्या ताई, कोणीतरी बरोबर असावे. आवाज चढवू नका. शांतपणे बोलणारी दोन माणसे आणि हातात कागद, याला कार्यालये जास्त घाबरतात.

कायद्याचे बळ आज आपल्यामागे आहे, ते माहीत असावे. महाराष्ट्रात १९९९ सालचा रॅगिंगविरोधी कायदा आहे. विद्यार्थ्याला मानसिक इजा, भीती किंवा लाज वाटेल असे वर्तनही त्यात येते. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि संस्थेतून काढून पाच वर्षे अन्यत्र प्रवेशबंदी, अशी शिक्षा आहे. तक्रार विद्यार्थ्यानेच करावी असे नाही. आई-वडील, पालक किंवा शिक्षकही लेखी तक्रार करू शकतात, आणि संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आहेत, आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी २०१२ साली वेगळे नियम झाले. शिक्षकच मुलाला हिणवीत असतील तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. चारचौघांत जातीवरून केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या घटनात्मक आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला. 'तुम्ही तर बौद्ध, तुम्हांला काय लागू?' असे कोणी म्हणाले तर त्याला हे सांगा. तथापि समोरचे शाळकरी पोर असेल तर पोलीस ठाणे ही शेवटची पायरी समजावी. तेही मूलच आहे, आणि ते सुधारावे हीच आपली इच्छा असली पाहिजे.

चौथी गोष्ट फार गंभीर आहे. मूल 'जगून काय करू' असे बोलू लागले, आवडत्या वस्तू वाटू लागले, अंगावर ब्लेडच्या खुणा दिसल्या, तर त्याला 'नाटक' म्हणू नका. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नका, स्पष्ट शब्दांत आणि मायेने विचारा, आणि डॉक्टरांकडे न्या. मनाच्या आजारासाठी शासनाची १४४१६ ही विनामूल्य फोनसेवा आहे, लहान मुलांसाठी १०९८ आहे, आणि रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. हे क्रमांक कापून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावून ठेवा.

२२ मे २०१९ रोजी जळगावकडची डॉ. पायल तडवी ही तडवी भिल्ल समाजातली मुलगी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना गेली. वरिष्ठांनी छळल्याचा आरोप तिच्या आईने केला. त्याचा निकाल न्यायालय देईल. त्याआधी १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातला रोहित वेमुला गेला. शिवणकाम करून मुले वाढविणाऱ्या त्याच्या आई राधिकाताईंनी त्याच वर्षी १४ एप्रिलला दादरच्या आंबेडकर भवनात धाकट्या मुलासह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे २०१९ साली राधिकाताई आणि पायलच्या आई आबेदाताई या दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मागणी एवढीच, की दुसऱ्या कोणाच्या लेकरावर ही वेळ येऊ नये. आपले मूल गेल्यावर या माउली दुसऱ्यांच्या मुलांसाठी उभ्या राहिल्या. आपली मुले तर आपल्या समोर आहेत, हातात आहेत. त्यांच्यासाठी उभे राहायला आपणांस काय अडचण आहे?

आणखी एक कडू गोष्ट बोलणे प्राप्त आहे. छळणारे मूल आपल्याही घरातले असू शकते. बोबडे बोलणाऱ्याची, लंगडणाऱ्याची, काळ्या रंगाच्या मुलीची, आपल्याहून गरीब किंवा दुसऱ्या जातीच्या पोराची आपली मुलेही टिंगल करतात. तक्रार आली की आपण 'आमचा तसा नाही' म्हणून दार लावून घेतो. मज्झिम निकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. तथागत पुत्राला विचारतात की आरसा कशासाठी असतो, आणि समजावतात की कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर ते आपणांस वा इतरांस दुःख देते का, हे आरशात पाहावे तसे पाहावे. तथागतांनी पुत्राला पाठीशी घातले नाही आणि झोडपलेही नाही. त्याच्या हाती आरसा दिला. आपणही मुलाला समोर बसवून विचारावे: 'तू जे बोललास ते तुला कोणी रोज म्हटले तर?' आणि आपण घरात बायकोला, कामवालीला, धाकट्या भावाला कसे बोलतो, तेही त्याच आरशात पाहावे. मुले शिवी बाहेर शिकतात हे खरे; पण ती कोणाला द्यायची असते, हे पुष्कळदा घरात शिकतात.

शेवटी एक घडलेली गोष्ट सांगतो. आठवीतला एक मुलगा दर आठवड्याला दोन दिवस पोट धरून घरी राहू लागला. दवाखाना झाला, औषधे झाली. वडील रात्रपाळीला, आई धुण्याभांड्याला. डबा रोज भरलेला परत येतो, हे आजीच्या ध्यानात आले. अक्षरशत्रू बाई, पण तिने नातवाला रागे भरले नाही. रात्री पाठीवर हात फिरवीत नुसते विचारले, 'डबा कुणासंगं खातोस रं?' पोर हुंदके देऊ लागले. वर्गात शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी मोठ्याने वाचली गेल्यापासून त्याला 'फुकट्या' हे नाव पडले होते. डबा उघडला की सगळे ओरडत, 'फुकट्याचा डबा!' म्हणून तो उघडतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आजी, आई आणि वस्तीतल्या एक ग्रॅज्युएट झालेल्या ताई अर्ज घेऊन शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतले. त्या मुलांच्या पालकांना बोलावले, आणि शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचण्याची पद्धतच बंद केली. आता ज्याला-त्याला कार्यालयात बोलावून कागद देतात. त्या एका डब्यामुळे पुढच्या कितीतरी मुलांचे डबे उघडले! आणि हे करणाऱ्या बाईला सही येत नव्हती. तिने अर्जावर अंगठा उठविला होता.

सध्या वर्षावास चालू आहे. ठिकठिकाणच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आमची सूचना अशी की, एका रविवारी वाचनानंतर तासभर पालक-मुलांसाठी ठेवावा. मुलांनी बोलावे, मोठ्यांनी ऐकावे. वस्तीतल्या शिक्षक, वकील, परिचारिका बंधू-भगिनींपैकी दोघांची नावे फळ्यावर लिहून ठेवावीत, म्हणजे घरी सांगता येत नाही ते मूल त्यांना सांगेल. याला खर्च काही नाही. एक चटई आणि थोडी सबुरी लागते.

आणि आज रात्री जेवताना 'अभ्यास झाला का?' याच्याआधी मुलाला एवढेच विचारा: 'आज डबा कोणाबरोबर खाल्लास?' मग उत्तर येईपर्यंत थांबा.

जयभीम! नमो बुद्धाय!